बांगडी गोल आली पाहिजे

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या जत्रांच्या दिवसांत पोंभुर्ण्याच्या आसपास कुठल्याही गावात नाटकाचा पडदा बिघडला, राजाचं डोकं भोपळ्याएवढं आलं किंवा महालाचा खांब लुळा पडला, की लोक रंगवणाऱ्याला म्हणायचे, "उगाच डोकं खाजवत बसू नोको. कोसमबोडीच्या शकुबाईले बोलाव." आणि शकुबाई यायची. बैलगाडीतून उतरली की पडद्याकडे ढुंकूनही बघायची नाही. आधी पाणी मागायची, मग पानाला चुना लावायची, मग म्हणायची, "काढणारा कोन हाये? त्याले पडद्यापाशी उभा करा. जसा उभा राहून काढला, तसाच उभा राह्य म्हणा." काढणारा बिचारा उभा राहायचा. अर्धी चूक तिला तिथंच दिसायची.

गंमत अशी, की चित्रातलं ओ की ठो या बाईला कळत नव्हतं. ब्रश तिनं जन्मात हातात धरला नाही. एकदा चुलीमागच्या भिंतीवर तिनं मोर काढला होता, तर शेजारच्या सोमारीनं विचारलं, "हा बेडूक कोनं काढला वो?" पण चूक हुडकून काढावी तर शकुबाईनंच. आणि हुडकली की समोरच्याला दोन शब्द सुनावल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे.

ही विद्या तिच्याकडे आली ती नवऱ्यापायी. त्याचीच ही गोष्ट, पंचावन्न सालच्या सुमाराची.

शकुबाई ढिवराची लेक, ढिवराची सून. वैनगंगेच्या काठी जन्मली, चालायच्या आधी जाळ्यात गुरफटून पडायला शिकली असं तिची आई सांगायची. जाळं विणण्यात तिचा हात असा, की डोळे मिटून गाठी मारत जाईल आणि एकही घर लहानमोठं होणार नाही. तिचा नवरा मुखरू. उंच, काळाभोर, पाण्यात मासा आणि जमिनीवर मुका. बोलायचं काम बायकोकडे आणि पोहायचं काम आपल्याकडे, अशी त्यानं लग्नातच वाटणी करून घेतली होती. तरी तलावावरून आला की तो बोलायचा. अमुक ठिकाणी मरळ दिसली, तमुक ठिकाणी जाळं अडकलं, असं हळूहळू, भाकरी मोडत मोडत. शकुबाईला ते ऐकायला फार आवडायचं. तोंडावर मात्र तिनं ते कधी कबूल केलं नाही.

मग एका पावसाळ्यात बुंध्यात अडकलेलं जाळं सोडवायला मुखरू खाली गेला आणि बराच वेळ वर आलाच नाही. लोकांनी ओढून काढला तेव्हा जीव होता, पण छाती गेली होती. चार पावलं चालला की दम लागायचा. चांद्याच्या डॉक्टरनं सांगून टाकलं, आता पाण्यात पाय घालायचा नाही. ढिवराला पाण्यात जाऊ नको म्हणणं म्हणजे काय, ते त्या डॉक्टरला काय कळणार! मुखरू घरी आला आणि ओसरीच्या खांबाला टेकून बसला, तो बसलाच. लेक अन्नपूर्णा धानोऱ्याकडे दिलेली, तीसुद्धा येऊन रडून गेली. माणसं यायची, विचारायची, तो मान हलवायचा. पुढं माणसं यायची थांबली.

शकुबाईनं घर ओढलं. जाळी विणली, मासळी विकली, कोणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. पण ओसरीवर तो खांब आणि त्याला टेकलेला माणूस दिसला की तिच्या काळजात चर्र व्हायचं. तो मरेल अशी तिला भीती नव्हती. तो जिवंतपणीच तिथं संपेल, याची होती. एकच गोष्ट तो करायचा. कोळशाचा तुकडा घेऊन ओसरीच्या भिंतीवर मासे काढत बसायचा. मासे मात्र असे हुबेहूब, की सोमारीची मांजर तिथून हलत नसे.

पुढच्या साली दिवाळीच्या तोंडावर नाटक मंडळाची बैठक भरली. मंडळाचे प्रमुख लटारूभाऊ, आवाज मोठा आणि धीर छोटा. त्यांनी महालाचा पडदा उघडून दाखवला, तर वाळवीनं राणीवशासकट सगळा खाल्लेला. आता गोंडपिपरीच्या मंडळाकडून पडदा मागून आणावा लागणार, म्हणजे वर्षभर त्यांचे टोमणे ऐकायचे. सगळे मान खाली घालून बसले. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "मी काढतो पडदा."

मुखरू बोलला होता. शकुबाई बायकांत बसली होती, तिला वाटलं आपल्याला भास झाला. लटारूभाऊंनी डोळे बारीक केले. "मुखरू, तू मासे काहाडतेस बाप्पा. हा महाल हाये."

"काढतो," मुखरू पुन्हा म्हणाला आणि त्याला दम लागला.

लटारूभाऊ तयार झाले, पण अट घालून. मंडईच्या आधल्या शनवारी पडदा टांगून दाखवायचा. नाही जमला तर गाडी गोंडपिपरीला जाणार. मादरपाटाचं कापड आलं, रंगाची भुकटी आली, सरस आला. नमुन्याला कॅलेंडरवरचं चित्र मिळालं, दरबाराचं. खांब, कमानी, पायऱ्या, वर झुंबर. गावात महाल कोणी बघितला नव्हता, त्यामुळे चुकला तरी कळणार नाही, असं मुखरूला वाटलं असावं. पण तसं होत नाही. न पाहिलेली गोष्ट चुकली तरी माणसाला बरोबर कळतं.

पहिल्या दिवशी त्यानं खळ्यात कापड अंथरलं, पायथ्याशी बसून कोळशानं महाल काढला. जमिनीवर छान दिसला. दोन बांबूंना बांधून उभा केला तर वरची कमान एवढी फुगलेली आणि खालच्या पायऱ्या एवढ्याशा, की अख्खा महाल अंगावर कोसळतोय असं वाटावं. बघायला आलेली माणसं खो खो हसली. कोणीतरी म्हणालं, "राजा आत गेला तं मरन न बे!" मुखरूनं कोळसा टाकला आणि घरी जाऊन खांबाला टेकून बसला.

शकुबाईला असा संताप आला! हसणाऱ्यांवर आला, नवऱ्यावर आला, कॅलेंडरवरसुद्धा आला. ती ओसरीवर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अवो, काऊन बसले?"

"मले जमत नाई."

"जाळ्याले भोक पडलं तं तुमी जाळं फेकून देता का?"

मुखरूनं नाही म्हणून मान हलवली.

"मंग? कुठी फाटलं ते पायता का नाई? साऱ्या जाळ्यावर हात फिरवत बसत नाई आपन. जिथवर गाठ पक्की, तिथवर सोडून देतो. तिथून पुढं पायतो. चाला, उठा."

ती त्याला खळ्यात घेऊन गेली. म्हणाली, जसे बसून काढलं तसेच बसा. तो पायथ्याशी बसला. शकुबाई त्याच्या मागं वाकून त्याच्या खांद्यावरून बघू लागली. कापडाचं वरचं टोक लांब होतं, म्हणून तिथलं सगळं बारीक दिसत होतं. ते पुरेसं दिसावं म्हणून मुखरूनं तिथं सगळं मोठं काढलं होतं. "तुमी इथी बसले," ती म्हणाली. "लोकं कुठी बसनार? समोर. मंग समोरूनच काढा न! पडदा उभा करा आन उभ्यानंच काढा." एवढीशी गोष्ट, पण मुखरूच्या चेहऱ्यावरचा अंधार थोडा हलला. कोळसा झटकला की जातो, कापड काही बिघडलेलं नव्हतं.

पण उभ्या कापडावर एवढं मोठं चित्र हाताच्या अंदाजानं काढायचं कसं? ती युक्तीही शकुबाईचीच. तिनं बारीक दोऱ्याचं छोटं जाळं विणलं, कॅलेंडरवर बसेल एवढं. मग जाड दोऱ्याचं मोठं जाळं विणलं, पडद्याएवढं. दोन्हीत घरं तेवढीच. छोट्या जाळ्याच्या ज्या घरात खांबाचं टोक, मोठ्या जाळ्याच्या त्याच घरात खांबाचं टोक. पडदा रंगवायला माशाचं जाळं! सोमारी येऊन बघून गेली आणि गावभर सांगत सुटली, की मुखरू आता महाल पकडून राह्यला.

शकुबाई कॅलेंडर मांडीवर घेऊन घरं मोजायची आणि ओरडून सांगायची. मुखरू पडद्याला नाक लावून तेवढंच घर काढायचा. अमुक रांग, अमुक घर, बाक उजवीकडं. दुपारपर्यंत दोघांचा घसा आणि हात दुखून आला. मग मुखरू मागं सरकला, आणि दोघंही बघतच राहिली. पायऱ्या वर आकाशात चढल्या होत्या आणि झुंबर जमिनीतून उगवलं होतं.

"मायबाई!" शकुबाई म्हणाली. "महाल डोक्यावर उभा राह्यला!"

मुखरूनं पुन्हा कोळसा टाकला. तिनं तो उचलून त्याच्या हातात ठेवला. "थांबा. कोळसा खराब नाई, हात खराब नाई. पयल्या घरापासून पाहू. मी पयली रांग म्हनली, तं तुमी कोनती धरली?"

मुखरूनं खालच्या रांगेवर बोट ठेवलं, जिथं जाळ्याला वजनाच्या शिशाच्या गोळ्या असतात तिथं. जाळं फेकणारा माणूस गोळ्यांकडूनच मोजतो, कारण तीच बाजू आधी पाण्यात जाते. आणि विणणारी बाई वरच्या दोरीपासून मोजते, कारण तिथंच ती पहिली गाठ मारते. एवढी वर्षं एका जाळ्यावर संसार केला आणि दोघांची पहिली रांग वेगवेगळी होती! शकुबाईला इतकं हसू आलं, की ती मटकन खाली बसली. मुखरूही हसला. वर्षभरात पहिल्यांदा हसला आणि हसता हसता खोकला. तिला तो खोकलासुद्धा गोड वाटला.

वरच्या दोरीची रांग पहिली, असं ठरलं. पुन्हा झटकलं, पुन्हा काढलं. आता पायऱ्या खाली, झुंबर वर, सगळं जागच्या जागी. आणि तरीही काहीतरी चुकलेलं. खांब दुष्काळातल्या बकरीच्या पायांसारखे लांबुळके, महाल वर रुंद आणि खाली आवळलेला. मुखरू एकेक खांब पुसून जाड करू लागला. एक जाड केला तर शेजारची कमान दबली. कमान उघडली तर पायऱ्या सुटल्या. संध्याकाळपर्यंत पहिल्यापेक्षा वाईट झालं.

"हात मागं घ्या!" शकुबाई कडाडली. "पाच गोष्टी एकदम हालवल्या तं कोनती चुकली ते कसं समजन? एका वेळेस एकच!"

ती घरात गेली, मनगटाला तेल लावून काचेची एक बांगडी काढली आणि घेऊन आली. सोमारी कुंपणावरून म्हणाली, "नवरा जित्ता असताना बांगडी काऊन काहाडतेस वो?" शकुबाई म्हणाली, "नवऱ्यासाठीच काहाडली. तू तुहा चुला पाय." तिनं महाल सगळा झटकायला लावला. कॅलेंडर बाजूला ठेवलं आणि छोट्या जाळ्याखाली नुसती बांगडी ठेवली. "आदी हे काढा. बांगडी गोल हाये, हे तं पक्कं हाये ना? मंग पडद्यावर गोल आली पायजे. नाई आली तं खोट महालात नाई, दुसऱ्या कशात हाये."

मुखरूनं घरामागं घर मोजून बांगडी काढली. पडद्यावर काकडी आली.

मग शकुबाईची नजर मोठ्या जाळ्याच्या खालच्या कडेला गेली आणि तिनं कपाळावर हात मारला. सवयीनं तिनं जाळ्याला शिशाच्या गोळ्या बांधल्या होत्या! गोळ्यांशिवायचं जाळं तिच्या हाताला जाळंच वाटत नव्हतं. त्या वजनानं घरं खाली ओढली गेली, उभी ताणली आणि आडवी आवळली. छोट्या जाळ्याला गोळ्या नव्हत्या, म्हणून तिथली घरं ऐसपैस. "माह्याच हातची कमाई हाये ही," ती म्हणाली आणि पटापटा गोळ्या सोडल्या. चारी बाजूंनी बांबू लावून जाळं ताणलं, छोट्या जाळ्यातल्यासारखी घरं ऐसपैस झाली. मुखरूनं पुन्हा बांगडी काढली. या वेळी ती गोल आली. तलावातल्या चंद्रासारखी गोल, असं मुखरू म्हणाला. म्हणजे तो आता स्वतःहून बोलायलाही लागला होता.

मग महाल झाला. काय महाल झाला म्हणता! पिवळ्या भिंती, निळ्या कमानी, गेरूचे खांब. आधी लांबचं रंगवायचं आणि मग जवळचं, हे मात्र मुखरूला कोणी शिकवावं लागलं नाही. तलावाकाठच्या माणसाला माहीत असतं, आधी पलीकडचा काठ, मग पाणी, मग आपल्या पुढ्यातलं गवत.

शनवारी दुपारी लटारूभाऊ मंडळाला घेऊन आले. उन्हात पडदा बघून त्यांचा धीरही मोठा झाला. "वा रे मुखरू!" म्हणाले. "पर नाटक बत्तीत होते. दिवस बुडला की पाहू." दिवस बुडाला. मंडपात नेहमीच्या जागी, पुढच्या आडव्या बांबूला गॅसबत्ती टांगली. पडदा सोडला.

आणि महाल गेला. पडदा पांढुरका, वर नुसते काळे डाग. खांब नाही, कमान नाही, झुंबर नाही. दुपारी टाळ्या वाजवणारे हात खाली आले. लटारूभाऊंनी उसासा टाकला. "मी सकाळी गाडी जुपतो बाप्पा. गोंडपिपरीले जातो. वाईट वाटून घेऊ नोको, मुखरू."

शकुबाईनं पडदा वरून खालपर्यंत न्याहाळला. तिला कळेना काय चुकलं. हिला कळेना, म्हणजे झालंच! तिनं मुखरूकडे बघितलं. आता हा वळणार, घरी जाणार, खांबाला टेकणार आणि या वेळी उठणार नाही, हे तिला समोर दिसलं. तिनं बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होती ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"थांब," मुखरू म्हणाला. तिलाच म्हणाला. "एका वेळेस एकच."

शकुबाईनं तोंड मिटलं. लग्नानंतर पहिल्यांदा मिटलं.

मुखरू हळूहळू चालत लोकांच्या जागी जाऊन बसला. डोळ्यांवर हाताची सावली धरली. मग म्हणाला, "भाऊ, बत्ती डोळ्यात येऊन राह्यली. मशाल घेऊन मासे मारता, तं मशाल तोंडापुढं धरता का? बाजूले धरता. तोंडापुढं धरली तं पानीबी दिसत नाई." लटारूभाऊ काही बोलायच्या आत त्यानं बत्ती काढायला लावली, कडेला आडोशाला टांगायला लावली आणि मागं पत्रा उभा केला. पडद्यावर गेरूचे खांब उभे राहिले. पण पिवळ्या भिंती पांढऱ्यातच मिसळलेल्या आणि निळ्या कमानी काळ्याठिक्कर.

"आता दुसरी गोठ," मुखरू म्हणाला आणि बायकोकडे हात पसरला. "बांगडी दे."

तिनं दिली. त्यानं उरलेल्या कापडावर बांगडी ठेवून प्रत्येक रंगाचं एकेक कडं काढलं आणि कापड बत्तीसमोर धरलं. पिवळं कडं नाहीसं झालं, निळं काळवंडलं. गेरूचं दिसलं, आणि काजळीचं तर शेवटच्या रांगेतून दिसलं. "भिंतीले काजळीची रेघ मारतो, निळ्यात पांढरी खडी मिसळतो," तो म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत होते. भाऊ, गाडी जुपू नोका." आवाज लहान होता, दम लागलेला होता, पण त्यात विनवणी नव्हती. लटारूभाऊंनी त्या कापडाकडे बघितलं, मुखरूकडे बघितलं आणि म्हणाले, "नाई जुपत बाप्पा."

मंडईच्या दिवशी संध्याकाळी पडदा सुटला आणि "अबाबाबा!" असा आवाज उठला. शकुबाईनं महालाकडे फारसं बघितलं नाही. ती आडोशाकडे बघत होती. तिथं मुखरू बत्तीवाल्याला दटावत होता, "अगा, हालवू नोको म्हटलं ना! इथीच राहू दे, इथी!" पहिला प्रवेश संपला तेव्हा चार माणसं त्याच्याभोवती कोंडाळं करून उभी होती, पोंभुर्ण्याचा कोणी पाहुणा काही विचारत होता आणि मुखरू हात हलवून हलवून त्याला बांगडीचं सांगत होता. भाकरी मोडत सांगायचा तसंच, हळूहळू.

शकुबाई त्याला बोलवायला गेली नाही. एकटीच घरी आली. ओसरी रिकामी होती. वर्षभर त्याच्या पाठीनं खांबावर गुळगुळीत डाग पडला होता, त्यावर तिनं हात फिरवला. मग त्याच खांबाला टेकून खाली बसली आणि रडली, अगदी पोटभर. रडून झाल्यावर उठली, चूल पेटवली आणि मोठ्यानं म्हणाली, "किती बोलते हा मानूस! जेवाले तरी येते का नाई!"